वाचकांचे प्रश्न : उन्हाळ्याच्या दुपारी पुन्हा वाचू लागताना

या महिन्यात आलेल्या बहुतेक पत्रांत एकच खंत निरनिराळ्या शब्दांत व्यक्त झाली आहे. पूर्वी वाचन होते, आता होत नाही, आणि उन्हाळा आला की त्याची चुटपुट अधिकच लागते, असे सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील वाचक लिहितात. तसे वाटणे स्वाभाविकच आहे, कारण आपल्यापैकी अनेकांची पुस्तकांशी पहिली गाठ पडली ती मे महिन्यात, शाळेला सुट्टी लागल्यावर आणि ऊन घराबाहेर पडू देत नाही म्हणून. त्यांतील पाच पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेवरून दिलेली नाहीत. उत्तरे देताना मी आधार घेतला आहे तो एका वाचनालयाच्या देवघेव विभागात काढलेल्या तीस वर्षांचा.

प्रश्न : मी ४६ वर्षांची असून साताऱ्यात शाहूपुरीत राहते. शाळेत असताना सुट्टीत रोज एक पुस्तक संपवत असे. सकाळी नेलेले पुस्तक संध्याकाळी परत करायला गेले की वाचनालयातले काका 'खरंच वाचलंस का गं?' असे विचारीत. लग्न, नोकरी, मुलांची शिक्षणे यांत वाचन कधी सुटले ते कळले नाही. यंदा पंधरा दिवसांची रजा घेऊन पाच पुस्तके आणली; पण दोन पाने झाली की हात मोबाइलकडे जातो, त्यात आमची वरची खोली पत्र्याची, दुपारी नुसती भट्टी होते. एकेकाळी रात्र जागून वाचलेली कादंबरी पुन्हा काढली, तर तीही नीरस वाटली. माझी गोडी कायमची गेली का?

उत्तर : गोडी गेलेली नाही, आणि हे मी तुम्हाला बरे वाटावे म्हणून लिहीत नाही. जिची गोडी खरोखर गेली आहे, ती बाई रजा काढून पाच पुस्तके घरी आणत नाही. गेली आहे ती त्या वेळची दुपार. ती कशी होती ते जरा आठवून पाहा. जेवणे आटोपलेली असत, मोठी माणसे सोप्यात जमिनीवर आडवी झालेली असत, 'उन्हात पाऊल टाकायचं नाही' अशी ताकीद मिळालेली असे, आणि चार वाजेपर्यंत करण्यासारखे काही म्हणता काही उरत नसे. तुम्ही निश्चय करून वाचत नव्हता. हातात दुसरे काही नव्हते म्हणून पुस्तक आले, आणि ते हातात राहिले म्हणून पुढे त्याची ओढ लागली. आता आपण क्रम उलटा धरतो. आधी ओढ वाटावी आणि मग हात पुस्तकाकडे जावा अशी अपेक्षा करतो, आणि तसे झाले नाही की स्वतःला दोष देत बसतो.

हे मी अनुभवाने लिहीत आहे. वडील गेल्यानंतर जवळजवळ दोन वर्षे मला एकही पुस्तक वाचवले नाही. दिवसभर शेकडो पुस्तके हातांखालून जात होती, वाचकांना मी पुस्तके सुचवतही होते, पण घरी येऊन पुस्तक उघडले की ओळी डोळ्यांपुढून नुसत्या सरकत. अशातच एका मे महिन्यात वाचनालयात फाटक्या पुस्तकांच्या डागडुजीचे काम निघाले. फाटलेल्या पानाला मैद्याची खळ लावायची, तिच्यावर पातळ कागदाची पट्टी बसवायची आणि ती धरेपर्यंत पान दोन्ही हातांनी सपाट दाबून ठेवायचे, असे ते काम. खिडकीच्या फटीतून उन्हाचा एक पट्टा टेबलावर पडलेला, बाहेर चिटपाखरू नाही, आणि माझे दोन्ही हात अडकलेले. करता येण्यासारखे एकच होते, ते म्हणजे समोरचे पान वाचणे. कुठल्याशा प्रवासवर्णनातले ते मधलेच पान होते. कोण चालले आहे, कुठे चालले आहे, काहीच ठाऊक नव्हते. पान संपले तेव्हा वाक्य अर्धे राहिले होते आणि ते पूर्ण करण्यासाठी मी पुढचे पान उलटले. पुढचे पान फाटलेले नव्हते. ते उलटण्याचे मला काही कारण नव्हते. दोन वर्षांनी मी पुन्हा वाचू लागले ती अशी.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की, मोबाइलशी झगडत बसू नये. तो दुसऱ्या खोलीत, शक्यतो खालच्या मजल्यावर, चार्जिंगला लावून यावे. शेजारी पालथा घालून ठेवलेला मोबाइल पालथा असूनही मन ओढत राहतो, कारण तो हाताच्या अंतरावर आहे हे हाताला ठाऊक असते. पहिली दहा-बारा मिनिटे जड जातील. या मिनिटांत पुस्तक कंटाळवाणे वाटेल, स्वयंपाकघरातली राहिलेली कामे आठवतील, कोणाला तरी फोन करायचा होता हेही आठवेल. ही मिनिटे जाऊ द्यावीत, त्यांवरून पुस्तकाविषयी किंवा स्वतःविषयी कोणताही निष्कर्ष काढू नये.

दुसरी गोष्ट उष्म्याची, आणि ती मी मुद्दाम विस्ताराने सांगते, कारण उन्हाने आलेला थकवा आपण पुष्कळदा कंटाळा समजतो. शरीरातील पाणी थोडे कमी झाले तरी लक्ष लागत नाही, आणि मग 'वाचनात मन रमत नाही' असे आपण म्हणतो. पत्र्याची खोली दुपारी बारापासून दिवस मावळेपर्यंत सोडून द्यावी. तापलेला पत्रा पंखा लावून निवत नाही, पंखा वरची गरम हवाच खाली लोटतो. तळमजल्यावर, पश्चिमेचे ऊन ज्या भिंतीवर येत नाही अशा भिंतीशी, जमिनीवर चटई टाकून बसावे. खिडक्या सकाळी नऊच्या सुमारास बंद कराव्यात आणि संध्याकाळी यवतेश्वराच्या बाजूने वारा सुटला की उघडाव्यात. उलट केल्यास दिवसभराचे ऊन घरात साठते. खिडकीला वाळ्याचा पडदा किंवा ओली चादर लावली तर एप्रिलमध्ये तिचा चांगला उपयोग होतो, कारण हवा कोरडी असते, पाणी झपाट्याने उडते आणि उडताना हवेतील उष्णता घेऊन जाते. वळीव पडून हवा दमट झाली की तीच चादर निरुपयोगी ठरते, तेव्हा काढून टाकावी. पंख्याचा झोत तोंडावर घेऊ नये. वाचताना पापण्या कमी लवतात, त्यात वारा लागला की डोळे कोरडे पडून चुरचुरतात. जवळ माठातल्या पाण्याचा तांब्या असावा, म्हणजे पाण्यासाठी उठणे आणि उठल्यावर दुसऱ्या कामाला लागणे टळते.

आता पुस्तकाविषयी. पाच पुस्तकांतील चार परत करा, किंवा निदान नजरेआड ठेवा. पाच पुस्तके समोर असली की वाचत असलेल्या पुस्तकापेक्षा न वाचलेली चार अधिक बोलावतात. आवडती कादंबरी नीरस वाटली याचे वाईट वाटून घेऊ नये. सतराव्या वर्षी आपण 'पुढे काय झाले' यासाठी वाचतो, आणि पुढे काय झाले हे आता तुम्हाला ठाऊक आहे. त्या कादंबरीकडे पुन्हा जावे, पण वर्ष-दोन वर्षांनी, वाचनाचा सराव परत आल्यावर. तेव्हा ती कशी लिहिली आहे हे दिसू लागेल आणि तो आनंद निराळा असेल. सध्या न वाचलेले, लहान आणि आपल्या मातीतले काही घ्या. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' अद्याप वाचली नसेल तर तिच्यापासून आरंभ करावा, असे मी आग्रहाने सुचवीन. १९५५ साली प्रसिद्ध झालेली ही छोटी कादंबरी माणदेशातील एका धनगरवस्तीवर शाळामास्तर म्हणून गेलेल्या तरुणाची आहे. माडगूळकरांचे गाव माडगूळ आज सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यात येते, आणि सातारा जिल्ह्यातील माण तालुकाही त्याच कोरड्या मुलखाचा भाग आहे. तिच्यातले ऊन, फुफाटा आणि पावसाची वाट पाहणारी माणसे तुमच्या खिडकीबाहेर पाच-पन्नास कोसांत आजही सापडतील. वाक्ये लहान, प्रकरणे लहान; दोन पाने वाचून थांबले तरी हाताला काही लागते.

कादंबरी मुळीच झेपत नसेल अशा दिवसासाठी आणखी एक उपाय आहे. मराठी विश्वकोशाचा कोणताही एक खंड वाचनालयाच्या संदर्भ विभागात बसून उघडावा आणि समोर येईल ती नोंद वाचावी. हे प्रचंड काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली आपल्याच जिल्ह्यात, वाईत उभे राहिले; पहिला खंड १९७६ साली आला आणि पुढे वीस खंड झाले. नोंद लहान असते, ती वाचून पूर्ण होते, आणि काहीतरी पुरे वाचल्याचे समाधान अनेक वर्षांनी मिळते. साताऱ्याचे नगर वाचनालय दीडशे वर्षांहून जुने आहे. तुमचे जुने सभासदत्व संपले असेल तर अनामत आणि वर्गणी भरून ते पुन्हा सुरू करा. विकत घेतलेले पुस्तक कपाटात थांबते, वाचनालयाच्या पुस्तकाला परतीची तारीख असते, आणि सुरुवातीच्या दिवसांत त्या तारखेचा फार आधार होतो.

आवडले नाही तर पुस्तक अर्ध्यावर सोडावे. परत करताना कोणी 'खरंच वाचलंस का' असे विचारले तर 'नाही वाचवलं' म्हणून सांगावे. देवघेवीच्या टेबलापलीकडून मी हे उत्तर हजारो वेळा ऐकले आहे आणि त्यानंतर तोच वाचक दुसरे पुस्तक घेऊन गेलेला पाहिला आहे.

प्रश्न : माझे वय ६९. पलूस तालुक्यात द्राक्षबाग होती, ती आता मुलगा बघतो. शाळेत धड्यांची पुस्तके पहिल्या आठवड्यातच वाचून काढीत असे, पुढे शेतीत वर्तमानपत्रापलीकडे काही वाचले नाही. आता वेळच वेळ आहे. गावच्या वाचनालयातून पुस्तक आणतो, पण दुपारी बसलो की अर्ध्या पानात डोळा लागतो. शिवाय मी फार सावकाश, बोट ठेवून वाचतो, नातवंडे हसतात.

उत्तर : दुपारी दोन-अडीचच्या सुमारास झोप येणे हा शरीराच्या घड्याळाचाच भाग आहे, जेवण हलके घेतले तरी ती सुस्ती थोडीफार येते, आणि उन्हाने ती वाढते. तेव्हा त्या वेळी वाचायला बसू नये. अर्धा तास सरळ झोपून घ्यावे आणि चार वाजता चहा झाल्यावर पुस्तक उघडावे. त्याहून उत्तम वेळ सकाळची. बागेत जायची सवय असल्याने तुम्ही पहाटे उठतच असाल. उन्हाळ्यात सहा वाजताच स्वच्छ उजेड पडतो, हवा गार असते, आणि साडेआठपर्यंत कोणी त्रास देत नाही. असा उजेड तुमच्या वयात महत्त्वाचा आहे. चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होत जाते हे सर्वांना ठाऊक असते, पण वय वाढते तसा त्याच अक्षरांसाठी डोळ्याला अधिक उजेड लागतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. चष्म्याचा नंबर तपासून घेऊन वर्ष झाले असेल तर पुन्हा तपासून घ्यावा, मोतीबिंदू आणि साखर यांचीही तपासणी त्याच फेरीत व्हावी. डोळ्यांच्या त्रासाला नावड समजून वाचन सोडून दिलेले अनेक ज्येष्ठ मी पाहिले आहेत.

बोट ठेवून वाचण्यात लाजण्यासारखे काही नाही. बोट ओळ चुकू देत नाही. नातवंडांना जवळ बसवून एक परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवा; तुमच्या सावकाश वाचण्यात प्रत्येक शब्दाला जे वजन येते, ते त्यांच्या भरभर वाचण्यात येत नाही, हे त्यांनाही ऐकू येईल.

काय वाचावे हे तुम्ही विचारले नाही, तरी सुचवते. तुमच्या शेजारच्या वाळवा तालुक्यातील वाटेगावी १९२० साली अण्णा भाऊ साठे जन्मले. त्यांना शाळेचे शिक्षण जवळजवळ मिळालेच नाही, आणि तरी त्यांनी कथा, कादंबऱ्या, लावण्या, पोवाडे यांचे एवढे भांडार मागे ठेवले. त्यांच्या कथांपासून सुरुवात करावी, कारण एक कथा एका बैठकीत संपते. वारणेच्या खोऱ्यातली ती भाषा तुम्ही आयुष्यभर कानांनी ऐकली आहे, ती कागदावर भेटली की बोट आपोआप पुढे सरकेल.

प्रश्न : मी कराडची. माझा मुलगा ११ वर्षांचा आहे, सहावीत जाईल. सुट्टीत वाचावे म्हणून दहा पुस्तकांचा संच आणला आणि प्रत्येक पुस्तकाचा सारांश वहीत लिहायला सांगितला. एक पुस्तक झाल्यावर तो पुस्तकांकडे पाहायलाही तयार नाही. दिवसभर मोबाइलवर खेळतो.

उत्तर : सारांशाची वही आजच बंद करा. हे मी थोडे कठोरपणे लिहीत आहे, कारण या वहीने पुस्तकांपासून तोडलेली मुले मी डोळ्यांनी पाहिली आहेत. कैरी खाल्ल्यावर मुलाला आपण तिच्यावर दहा ओळी लिहायला सांगत नाही. पुस्तक वाचून झाल्यावर त्याला काही सांगावेसे वाटले तर तो जेवताना सांगेल, आणि नाही वाटले तर ते त्याच्यापाशीच राहू द्यावे.

त्याला वाचनालयात घेऊन जा आणि मुलांच्या कपाटापाशी एकटा सोडा. तो चित्रकथा उचलील, कोड्यांचे पुस्तक उचलील, भुताच्या गोष्टी उचलील. तुम्हाला ते हलके वाटले तरी चेहऱ्यावर दिसू देऊ नका. एकदा जमल्यास त्याला भिलारला न्या. महाबळेश्वर तालुक्यातील हे स्ट्रॉबेरीचे गाव पाचगणीजवळ आहे, आणि ४ मे २०१७ पासून ते 'पुस्तकांचं गाव' म्हणून ओळखले जाते. वेल्समधील हे-ऑन-वाय या पुस्तकांच्या गावावरून ही कल्पना सुचली, पण ते गाव पुस्तकांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे आणि भिलारला पुस्तके लोकांच्या घरांत आहेत. आरंभी सुमारे पंचवीस ठिकाणी, म्हणजे घरांत, मंदिरात, शाळेत, प्रकारांप्रमाणे पुस्तके मांडली गेली; कुठे बालसाहित्य, कुठे इतिहास, कुठे कविता. जावे, बसावे, वाचावे. पैसे पडत नाहीत. मेमध्ये स्ट्रॉबेरीचा हंगाम सरत आलेला असतो, त्याची मुलाला आधी कल्पना द्यावी, नाहीतर हिरमोड होईल. पण कराडच्या उन्हातून वर गेल्यावर लागणारा वारा, आणि कोणा अनोळखी माणसाच्या ओसरीवर बसून पुस्तक वाचता येते ही गोष्टच मुलाला नवलाची वाटते. तिथे त्याला 'हे वाच' म्हणू नका. तुम्ही स्वतः एक पुस्तक घेऊन बसा आणि तासभर उठू नका.

घरी मात्र एक गोष्ट रोज करता येईल. या दिवसांत रात्री गच्चीवर अंथरुणे पडतात. झोपण्यापूर्वी पंधरा मिनिटे बॅटरीच्या उजेडात तुम्ही त्याला वाचून दाखवा. अकरा वर्षांचा मुलगा यासाठी मोठा झाला, असे समजू नये. ऐन रंगात आलेल्या जागी पुस्तक मिटा आणि त्याच्या उशाशी ठेवून द्या, बॅटरीसकट. दुसऱ्या दिवशी सकाळी खूणपट्टी पुढे सरकलेली असेल तर त्याविषयी एक अक्षरही बोलू नका, रात्री तिथून पुढे वाचायला लागा.

प्रश्न : सांगलीत आमचे घर नदीपासून फार दूर नाही. २०१९ च्या पुरात तळमजल्यावर पाणी आले. वडिलांनी जमवलेली पुस्तके दोन ट्रंकांत होती. पाणी ओसरल्यावर वरवर वाळवून ती पुन्हा ट्रंकांत भरली आणि माडीवर ठेवली, त्यानंतर उघडलेली नाहीत. उघडावेसे वाटते, पण धीर होत नाही. त्या दिवसांनंतर मी स्वतःही फारसे वाचलेले नाही.

उत्तर : त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले होते, आणि धोक्याची पातळी तेथे ४५ फुटांची धरली जाते. शहरातील किती घरांतून आणि ग्रंथालयांतून पुस्तकांचा चिखल उपसावा लागला, हे सांगलीकरांना मी सांगण्याची आवश्यकता नाही. तुम्ही ट्रंका फेकल्या नाहीत, भरून ठेवल्या. तेव्हा त्या उघडायच्याच आहेत, आणि त्यासाठी एप्रिल आणि मेचा पहिला पंधरवडा यांहून चांगला काळ वर्षात नाही, कारण हवा कोरडी असते. वळीव सुरू होण्याआधी हे काम संपवा.

ट्रंक गच्चीवर किंवा अंगणात, सावलीत उघडा. नाकातोंडावर मास्क आणि हातांत मोजे असू द्या. बुरशीची पूड श्वासातून जाऊ देऊ नये, आणि घरात दम्याचे कोणी असेल तर त्यांना त्या दिवशी दूर ठेवावे. पुस्तके उन्हात पसरण्याचा मोह होईल, तो टाळा. स्वस्त कागदात लाकडाचा जो अंश असतो, तो उन्हाने आणि हवेने पिवळा पडतो, कागद ठिसूळ होतो आणि बांधणीचा डिंक तडकतो. सावलीत, वारा खेळेल अशा जागी, पुस्तके पंख्यासारखी पाने उघडून उभी ठेवा. पाने एकमेकांना चिकटली असतील तर ओढू नका. कडेने बोथट सुरी किंवा फूटपट्टी अलगद सरकवून पाहा. सुटत नसतील तर ते पुस्तक बाजूला ठेवा. सुटलेल्या पानांवरची वाळलेली बुरशी आणि गाळ मऊ ब्रशने बाहेरच्या दिशेने झाडा. नंतर मधूनमधून कोरे कागद घालून, वर पाट आणि पाटावर वजन ठेवून आठवडाभर दाबून ठेवा. कपाटात ठेवताना कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि डांबराच्या गोळ्या ठेवल्या तर कसर दूर राहते, पण मुख्य उपाय म्हणजे पुस्तके दर काही महिन्यांनी हाताळणे.

काही पुस्तके वाचणार नाहीत. जी काळी पडून लगदा झाली आहेत ती ठेवू नयेत, कारण त्यांची बुरशी चांगल्या पुस्तकांना लागते. टाकण्यापूर्वी त्यांची नावे एका वहीत लिहून ठेवा. वडिलांच्या हस्ताक्षरातले पहिले पान शाबूत असेल तर ते काढून घ्या. ही वही पुढे उपयोगी पडते. त्यांतील बरीचशी पुस्तके जुन्या बाजारात किंवा नव्या आवृत्तीत मिळतात.

वाचनाविषयी तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिले आहे, पण मला वाटते पत्र त्यासाठीच आहे. ब्रशने पान झाडताना तुमच्या नजरेसमोर ते पान येईल. हात कामात असतील. घाई करू नका, वाचा. एका दिवसात एक ट्रंक संपवण्याचा नेम धरू नका, सकाळच्या दोन तासांत चार-पाच पुस्तके पुरेत. वडिलांनी कुठे पेन्सिलीने रेघ मारली असेल, कुठे बसचे तिकीट खूण म्हणून ठेवले असेल. ते तिथेच राहू द्या.

प्रश्न : वाई तालुक्यातील आमच्या गावी आळीतल्या सात-आठ जणी मिळून दर उन्हाळ्यात एकमेकींचे पापड लाटतो. यंदा मी कोणतेतरी पुस्तक वाचून दाखवावे, अशी कल्पना निघाली आहे. दोघींना वाचता येत नाही, एक सासूबाई ७५ च्या पुढे आहेत आणि दोन कॉलेजातल्या मुली. सर्वांना आवडेल असे काय वाचावे?

उत्तर : या पत्राने मला फार आनंद झाला. पापड लाटणे आणि ऐकणे यांची जोडी उत्तम जमते. लाट्या वाळू नयेत म्हणून पंखा बंद ठेवलेला असतो, त्यामुळे खोलीत आवाज नीट पोहोचतो. सगळ्यांचे हात गुंतलेले असतात आणि कान मोकळे असतात. कुरडयांच्या दिवशी मात्र वाचन ठेवू नका. चीक शिजवायला आणि उन्हे चढण्याआधी घालून संपवायला सगळ्यांचे लक्ष चुलीवर आणि सोऱ्यावर लागते, तेव्हा ऐकायला कोणी नसते.

लांब कादंबरी घेऊ नका, कारण रोज त्याच बायका येतील असे नाही आणि मधूनच आलेलीला मागचे सांगण्यात वेळ जाईल. अर्ध्या-पाऊण तासात संपणारी ग्रामीण कथा घ्या, जिच्यात संवाद पुष्कळ आहेत आणि माणसे थोडी आहेत. निसर्गाची लांबलचक वर्णने मोठ्याने वाचताना जड होतात, ती खुशाल गाळा. व्यक्तिचित्रे फार चांगली चालतात, कारण प्रत्येकीला तसे एखादे माणूस आठवते आणि वाचन थांबून दुसरीच गोष्ट सुरू होते. अशा वेळी पुस्तक मांडीवर पालथे ठेवा आणि तीही गोष्ट ऐका. सासूबाईंना जुने शब्द विचारा; कॉलेजातल्या मुली अडल्या की त्याच अर्थ सांगतील. मुलींनाही आळीपाळीने वाचायला द्या, म्हणजे तुमचा घसा वाचेल आणि तुमच्याही चार लाट्या लाटून होतील.

आदल्या रात्री ती कथा एकदा स्वतःशी मोठ्याने वाचून ठेवावी. कुठे थांबायचे, कोणाच्या तोंडी कोणता सूर द्यायचा हे त्यामुळे कळते, आणि रडू येण्यासारखी जागा असेल तर तीही आधी ठाऊक होते. पिठाच्या हातांनी पुस्तक धरू नका, शेजारी ओले फडके ठेवा. कोणती कथा त्यांनी दुसऱ्यांदा वाचायला लावली, तेवढे मला जूनमध्ये अवश्य कळवा.